भेंडीचे सख्खे शेजारी

नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी तुम्ही आधी काय बघता? खरं सांगा. कॉफी मशीन नंतर, कॅन्टीनचा मेन्यू त्याच्याही नंतर. पहिली नजर जाते ती बाजूच्या क्युबिकलमध्ये कोण बसलंय त्याच्यावर! शेजारी चांगला मिळाला तर बॉसचे टोमणेही पचतात. नाही मिळाला तर एसीच्या टेंपरेचरवरून सुरू झालेली कुरबुर थेट अप्रेझलपर्यंत पोचते.

भाज्यांचंही डिट्टो असंच असतं. भेंडीच्या बाजूला कोण, टोमॅटोच्या रांगेत कोण, कोबीच्या आधी कोण आलं, यावर ठरतं की अळ्या पंगतीला बसणार की दारातूनच परत फिरणार. परदेशी बागकामाच्या गुळगुळीत पुस्तकांत या प्रकाराला ‘कम्पॅनियन प्लांटिंग’ असं झकास नाव आहे. आपल्याकडे मात्र हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडी कधीचेच आहेत. मिश्रपीक, आंतरपीक आणि सगळ्यात डेंजर म्हणजे सापळा पीक!

मी हे सगळं बघितलं ते धसईला. मुरबाड तालुक्यातलं हे गाव ट्रेकर मंडळींना पाठ असतं, कारण गोरखगडाला जाताना देहरीच्या आधी लागतं ते धसई. बाकीच्यांनी नाव ऐकलं असेल ते डिसेंबर २०१६ मध्ये. नोटाबंदीनंतर ‘राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव’ म्हणून याच धसईची घोषणा झाली आणि वडापाववाल्याकडच्या स्वाइप मशीनचे फोटो सगळीकडे झळकले. माझ्यासाठी मात्र धसई म्हणजे मामाचं गाव. आणि मामाच्या घराला दोन बागा आहेत. एक मामाची, एक मामीची.

दोन बागांची गोष्ट

मामाची बाग म्हणजे भाताच्या कापणीनंतर लावलेली भेंडी. मुरबाड-शहापूर पट्ट्यातली भेंडी वाशीच्या मार्केटला जाते आणि तिथून परदेशातही. सरळ सऱ्या, एकसारखी रोपं, मधे गवताची काडी नाही. बघताना एखाद्या कॉर्पोरेट प्रेझेंटेशनसारखं नीटनेटकं वाटतं.

मामीची बाग घराच्या मागे, न्हाणीच्या पाण्यावर. तिथे सगळा गोंधळ! मक्याची पाच-सात ताटं, त्यांच्यावर चढलेली चवळी, खाली पसरलेला भोपळा. वांग्याच्या मधे फुलावर आलेली कोथिंबीर, कडेला झेंडू, कोपऱ्यात मोहरी, आणि या सगळ्यात दाटीवाटीनं आठ-दहा भेंड्या. घरात शिजते ती ही भेंडी.

“मामी, समोर अख्खं शेत भेंडीचं आहे, मग ही वेगळी कशाला?” मी विचारलं.

मामीनं ओट्यावरून नुसतं शेताकडे बोट दाखवलं. “त्याला औषध मारलंय, बाय.”

पंप पाठीला लावून जे फवारतात, त्याला गावात ‘औषध’ म्हणतात. आजारी पडलेल्या माणसाला देतात तेही औषध आणि अळीला मारतात तेही औषध. कळलं ना, घरात वेगळी भेंडी का?

तोड्याचं गणित

आता हे ऐकून “शेतकरी आपल्याला विष खायला घालतात” असा फॉरवर्ड कुणाला पाठवू नका. गणित समजून घ्या.

भेंडी हे फार घाईचं पीक आहे. एकदा तोडा सुरू झाला की एक दिवसाआड तोडावीच लागते. दोन दिवस उशीर झाला तर भेंडी निबर होते, व्यापारी हात लावत नाही. दुसरीकडे, कीटकनाशकाच्या लेबलवर एक सूचना असते. फवारल्यापासून इतके दिवस पीक तोडू नका. हा काळ औषधागणिक बदलतो. काहींचा तीन दिवस, काहींचा आठवडा, काहींचा त्याहून जास्त. म्हणजे एक दिवसाआड तोडा आणि आठवडाभर थांबा, या दोन्ही गोष्टी एकाच शेतात बसतच नाहीत! थांबलं तर मधले तोडे फुकट जातात. नाही थांबलं तर औषधाचा अंश टोपलीतून बाजारात जातो.

परदेशात जाणाऱ्या मालाला निदान चेकनाका असतो. युरोपीय संघानं भारतातून येणाऱ्या भेंडीवर कीटकनाशकांच्या अंशांसाठी वाढीव तपासण्या लावल्या आहेत. आपल्या स्टेशनबाहेरच्या टोपलीला तसा नाका नाही. आणि सगळ्यात आधी धोका असतो तो फवारणाऱ्याला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडोंना दवाखान्यात न्यावं लागलं. मामाही तोंडाला नुसता पंचा गुंडाळून पंप मारतो. म्हणून हा विषय ‘ऑर्गॅनिक’च्या फॅशनचा नाही. फवारणी एकानं जरी कमी झाली, तरी कुणाच्या तरी फुप्फुसात तेवढं कमी जातं.

किड्यांना पत्ता कसा सापडतो?

मामीच्या गोंधळात अळ्या कमी का? त्यात जादू नाही, सायन्स आहे.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या रिचर्ड रूट यांनी कोबीच्या जातीतल्या कोलार्ड या पालेभाजीवर प्रयोग केले. एकीकडे नुसतं तेच पीक, दुसरीकडे तेच पीक इतर झाडोऱ्याच्या मधे. १९७३ साली त्यांनी निष्कर्ष मांडला. एकाच पिकाचा मोठा तुकडा असला की त्या पिकावर जगणारे किडे तिथे येतात, टिकतात आणि वाढतात. साधं आहे. फूड कोर्टात सगळे स्टॉल तुमच्या आवडीचे असतील तर तुम्ही बाहेर कशाला पडाल?

पुढची गंमत ब्रिटनमधल्या स्टॅन फिंच आणि रोझमेरी कॉलियर यांनी २००० साली सांगितली. वासावरून किड्याला एवढंच कळतं की ‘इथे कुठेतरी आहे’. मग तो खाली उतरतो तो हिरव्या रंगावर. उघड्या मातीत फक्त कोबीच हिरवा असेल तर प्रत्येक उतरणं अचूक! आजूबाजूला दुसरी हिरवी पानं असतील तर चुकीच्या पानावर उतरण्याची शक्यता वाढते. मादीला अंडी घालण्याआधी लागोपाठ काही वेळा बरोबर पान लागावं लागतं. दोन-तीनदा चुकलं की ती निघून जाते. पत्ता न सापडलेल्या रिक्षावाल्यासारखी!

त्यांच्या पुढच्या प्रयोगांत एक मजेशीर गोष्ट दिसली. उग्र वासाच्या झाडांनी जेवढा गोंधळ उडाला, जवळपास तेवढाच बिनवासाच्या साध्या तणांनीही उडाला. म्हणजे ‘झेंडूच्या वासानं कीड पळते’ हे आपलं लाडकं वाक्य निदान अर्धं तरी पुसायला हवं. बऱ्याचदा काम वास करत नाही, गर्दी करते.

झेंडू हीरो आहे, पण वेगळ्या रोलमध्ये

झेंडूचा खरा पराक्रम बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेनं दाखवला. टोमॅटोत भोक पाडणारी अळी तुम्ही ओळखता, हरभऱ्यावर तिलाच घाटेअळी म्हणतात. तिच्या मादीला झेंडूची फुलं फार आवडतात. म्हणून संस्थेनं शिफारस केली की टोमॅटोच्या १६ ओळींमागे एक ओळ उंच आफ्रिकन झेंडूची लावा. खरी ट्रिक आहे ती टायमिंगची! लावणीच्या दिवशी झेंडूची रोपं ४०-४५ दिवसांची हवीत आणि टोमॅटोची २५ दिवसांची. म्हणजे टोमॅटोला फुलं येतील तेव्हा झेंडूही फुललेला असतो आणि अंडी तिकडे पडतात. मग फक्त झेंडूवर लक्ष ठेवायचं. अळी लागलेल्या कळ्या-फुलं तोडून नष्ट करायची. टोमॅटो सुटतो. याचं नाव सापळा पीक.

याच संस्थेनं कोबीसाठी मोहरी सुचवली. चौकोनी ठिपक्यांचा पतंग कोबीची चाळण करतो, पण मोहरी दिसली की आधी तिकडे वळतो. कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी. पहिली कोबी लावण्याच्या १५ दिवस आधी पेरायची आणि दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी. का? कारण पहिली मोहरी जून होऊन वाळेपर्यंत दुसरी कोवळी तयार असते. शिफ्ट ड्यूटीच म्हणा ना!

झेंडूचं आणखी एक काम जमिनीखाली चालतं. मुळांना गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना त्याच्या मुळांतलं अल्फा-टर्थिएनिल हे रसायन मारक ठरतं. पण त्यासाठी झेंडू दाट लावून दोन-तीन महिने जमिनीत ठेवावा लागतो. कुंडीच्या कडेला एक शोभेचं रोप टोचलं म्हणून सूत्रकृमी घाबरत नाहीत.

मित्रपक्ष आणि भिंती

सगळ्या जोड्या सापळ्याच्या नसतात. काही शेजारी आपल्या बाजूच्या सैन्याला जेवण घालतात. कोथिंबीर, बडीशेप, शेपू फुलू द्या. त्यांची फुलं इतकी उथळ असतात की अगदी बारीक गांधीलमाश्यांनाही मध मिळतो. या बारक्या माश्या अळ्यांच्या अंगात किंवा अंड्यांत आपली अंडी घालतात. ऐकायला भयंकर, पण बागेसाठी वरदान! चवळीवर काळा मावा पडतो. तो बघून आपण वैतागतो, पण त्याच माव्यावर ढालकिडे, म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेले लेडीबर्ड, पोसले जातात आणि मग शेजारच्या पिकावरचा मावाही फस्त करतात.

भेंडीचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र केवडा. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, भेंडी फिकट आणि वेडीवाकडी होते. हा विषाणू पसरवते पांढरी माशी. परभणी क्रांती आणि अर्का अनामिका या जाती केवड्याला दाद न देणाऱ्या म्हणून आल्या, पण पुढे त्यांचीही ताकद कमी पडू लागली. मग उरतो साधा उपाय. भेंडी पेरायच्या दोन-तीन आठवडे आधी चारी बाजूंनी मक्याच्या दोन-तीन ओळी. वाऱ्यावर येणारी माशी मक्यावर अडते. पण लक्षात ठेवा, मका ही भिंत आहे, लस नाही. आत केवड्याचं झाड दिसलं की त्याच दिवशी उपटायचं.

ही आयडिया मोठ्या प्रमाणावर चालते का? केनियात बघा. नैरोबीच्या इसिपे या कीटकशास्त्र संस्थेनं मक्याच्या मधे डेस्मोडियम आणि कडेला नेपियर गवत लावायची पद्धत रुजवली. मधलं पीक खोडकिडीला बाहेर ढकलतं आणि कडेचं गवत ओढून घेतं. शिवाय डेस्मोडियममुळे टारफुला हे परजीवी तणही आटोक्यात येतं, आणि दोन्ही गुरांना चारा म्हणून चालतात. हे काम उभं करणारे झेयाउर खान हे मूळचे भारतातले.

आणि मामीच्या परसातली मका-चवळी-भोपळा ही तिकडी? मेक्सिकोपासून उत्तर अमेरिकेपर्यंतचे मूळ रहिवासी मका, घेवडा आणि भोपळा असेच एकत्र लावत आले. मका आधार देतो, शेंगवर्गीय वेल जमिनीत नत्र बांधतो, भोपळ्याची पानं माती झाकतात. मामीला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या सासूची बाग अशीच होती.

जमत नाहीत त्यांना लांब ठेवा

सगळेच शेजारी सख्खे नसतात.

टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही एकाच घराण्यातली भावंडं. एकाला मर रोग लागला की बाकीच्यांना लागायला वेळ लागत नाही, आणि कोकणपट्टीच्या मातीत हा जिवाणूजन्य मर रोग चांगलाच मुरलेला आहे. त्यांना शेजारी लावू नका आणि एकाच्या जागी लगेच दुसरं लावू नका. भेंडीचं घराणं म्हणजे कापूस, अंबाडी आणि जास्वंद. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला की भेंडीची कुंडी हलवा. भेंडी आणि वांगी ही वेगळ्या घराण्यातली, पण तुडतुडे दोघांवरही ताव मारतात.

‘तुळशीशेजारी टोमॅटो लावला की चव वाढते’, असंही तुम्ही ऐकलं असेल. तुळस जरूर लावा. पण चवीच्या दाव्याला भक्कम पुरावा नाही. तसंच चवळी नत्र बांधते हे खरं असलं, तरी ती ते लगेच शेजाऱ्याच्या ताटात वाढत नाही. तिचा पाला आणि मुळं कुजल्यावर पुढच्या पिकाला मिळतं. उसनवारी नाही, वारसा म्हणा.

मामाचा हिशेब

मग मामीची बाग मामाच्या शेतात का जात नाही? हा प्रश्न मी रात्री जेवताना टाकला. मामा चिडला नाही. शांतपणे भाकरी मोडत म्हणाला, “तुझी मामी दहा झाडं बघते. मला शेत बघायचंय.”

त्याचं म्हणणं खोटं नाही. मक्याच्या ओळी जागा खातात, सावली पाडतात. वेगवेगळी पिकं म्हणजे खुरपणीला जास्त माणसं, आणि माणसं आता कंपनीच्या गाड्यांत बसून मुरबाडच्या एमआयडीसीत जातात. फवारणीला एक माणूस आणि एक सकाळ पुरते. आणि सगळ्यात मोठी अडचण व्यापाऱ्याची. त्याला हवी सरळ, कोवळी, बोटाएवढी, एकही डाग नसलेली भेंडी. एक वाकडी सापडली की अख्ख्या क्रेटचा भाव खाली. डागाची भीती इतकी की कीड दिसायच्या आधीच पंप बाहेर निघतो.

“आणि डाग नको असं कोण म्हणतं?” मामानं माझ्याकडे बघितलं. “तुम्हीच ना?”

मामी मधे पडली. तिचं म्हणणं साधं होतं. सगळं शेत नको, ओढ्याकडचे पाच गुंठे दे. भोवती मका, दोन सऱ्यांआड चवळी. चवळीच्या शेंगा बाजारात जातील, मक्याची कणसं जातील, ताटं म्हशीला होतील. त्या पाच गुंठ्यांत आधी बघायचं, मग मारायचं. म्हणजे रोज सकाळी पानं उलटून बघायची, पिवळे चिकट सापळे लावायचे, निंबोळी अर्कापासून सुरुवात करायची आणि खरंच हाताबाहेर गेलं तरच पंप काढायचा.

मामानं बराच वेळ काही म्हटलं नाही. मग हात धुऊन उठता उठता म्हणाला, “मका आणून ठेव.”

मी निघाले तेव्हा मका वीतभर वर आला होता. भेंडी अजून पेरायची आहे. पाच गुंठ्यांचा हिशेब उन्हाळ्यात कळेल आणि तो नफ्याचाच असेल अशी गॅरंटी कुणीच देत नाहीये. मामीसुद्धा नाही.

तुमच्या ग्रिलसाठी

वन बीएचके आहे, ग्रिलमध्ये चार कुंड्या मावतात, तिथे १६ ओळी कुठून आणायच्या? बरोबर. पण एवढं तर जमेल:

• टोमॅटोला निदान बारा इंची कुंडी आणि पाच-सहा तास ऊन द्या. त्याच कुंडीत गर्दी करू नका, शेजारी वेगळ्या कुंडीत ठेवा. एकाच कुंडीत शेजार नाही, भाऊबंदकी होते.

• झेंडूचं रोप टोमॅटोच्या आधी तीन आठवडे तयार ठेवा. अळी दिसली की ते फूल तोडून टाका.

• एका कुंडीतली कोथिंबीर कापायचा मोह आवरा आणि फुलू द्या. मित्रकीटकांचं कॅन्टीन सुरू!

• माव्यासाठी आधी पाण्याचा जोरदार फवारा. नाही ऐकलं तर ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून एक लिटर पाण्यात, थोडं साबणाचं पाणी घालून, संध्याकाळी.

• रोज सकाळी चहा घेताना पानं उलटून बघा. अंडी पानाच्या खालच्या बाजूला असतात. दोन मिनिटांचं हे काम कुठल्याही शेजाऱ्यापेक्षा भारी.

आणि ज्यांना ग्रिलही नाही त्यांच्यासाठी शेवटचं. आपण भाजीवाल्यासमोर उभे राहून एकेका भेंडीचा शेंडा मोडून बघतो, वाकडी दिसली की बाजूला सारतो. ती बाजूला सारलेली भेंडी फिरून मामाच्या पंपापर्यंत पोचते. कारण व्यापारी आपल्याला ओळखतो, मामा व्यापाऱ्याला ओळखतो. या उन्हाळ्यात टोपलीत थोडी वाकडी, एखादा डाग असलेली, पण कोवळी भेंडी दिसली तर पाव किलो तीही घ्या. चिरल्यावर सगळ्या भेंड्या सारख्याच दिसतात.